तनूच्या चपला आणि तीन कॉलेजं

बारावीचा शेवटचा पेपर देऊन माझी लेक तनू घरी आली, दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि म्हणाली, "आता पुढं काय ते तू सांग." मी काय सांगणार? मी स्वतः बारावीवर थांबलेली बाई. रांजणगावच्या एका कारखान्यात स्टोअरच्या नोंदी ठेवते आणि कुठे हिंडून आले की या ब्लॉगवर लिहिते. तनूला गणित आवडतं आणि म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टीही. त्यात अबोल. पुण्याच्या पलीकडे टेकडीवर एक कॉलेज आहे, तिथे गणित, इतिहास, चित्रकला असं काहीही एकत्र शिकता येतं, असं मला कळलं होतं. त्याचा अर्ज महिनाअखेरपर्यंत भरायचा होता. मी ठरवलं, दोन दिवस रजा टाकायची आणि शिरूर, दौंड आणि टेकडी, तिन्ही ठिकाणची कॉलेजं बघून यायची.

निघताना सासरे गोठ्यापाशी बसले होते. आबांनी उभा जन्म मेंढरं राखली, दिवाळी झाली की कोकणात उतरायचे. आता चार गाई आहेत आणि वाटा पाठ आहेत.

"तिथं जाऊन लई इचारत बसू नका," आबा म्हणाले. "घटकाभर गप बसा. नव्या रानात मेंढरं नेली की मी बी तसाच बसायचो. रवंथ कराया लागली की समजायचं, जागा मानवली. न्हाईतर मेंढरांचा वाडा हलवायचा."

तनू हसली. मला मात्र ते पटलं, कारण तिचा रवंथ मला ओळखता येतो. जीव रमला की ही पोरगी चपला काढून मांडी घालते, मग ते लग्नाचं कार्यालय असो नाहीतर बँक.

आमच्या न्हावऱ्याहून शिरूरला एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट आहे, फक्त वेळेचा भरवसा धरू नका. हंगामातल्या शेवटच्या उसाच्या ट्रॉल्या पुढे असल्या की मागून रांगत जावं लागतं. शिरूरच्या कॉलेजात लिंबाखाली तासभर बसलो. आवार चांगलं, मुलं-मुली आमच्याच भागातली. तनू मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती. स्टँडसमोर मिसळ खाताना मी नुसतं तिच्या पायांकडे बघितलं.

"पायातच हायेत," ती म्हणाली.

तिथून परत न्हावऱ्यावरून चौफुला आणि पाटस मार्गे दौंड. गाड्या बदलाव्या लागतात, पाणी आणि चिक्की जवळ ठेवा. दौंडच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर दोन मुली वही उघडून भांडत होत्या. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये किती भाषा बोलतात, याची त्या घरोघर जाऊन पाहणी करत होत्या आणि दोघींची बेरीज जुळत नव्हती.

"काकू, एकाच घरात तीन भाषा निघाल्या तर घर किती वेळा मोजायचं?" एकीनं मलाच विचारलं.

मी काही बोलायच्या आत तनू म्हणाली, "घर एकदाच. भाषा येगळ्या रकान्यात घ्या. आन् त्या घरातली म्हातारी कुठली भाषा बोलती?"

पाऊण तासानं मी चहा घेऊन आले, तर तनूच्या चपला दोन पायऱ्या खाली पडल्या होत्या आणि ती मांडी घालून वहीत रकाने आखत होती. आता बीएला गणितासारखा दुसऱ्या शाखेचाही विषय घेता येतो, हे तिथल्या प्राध्यापक बाईंनी सांगितलं. मी ऐकलं खरं, पण मन आधीच टेकडीवर गेलं होतं.

रात्री दौंडला मावशीकडे राहिलो आणि सकाळच्या लोकलनं पुण्याला गेलो. सहाच्या आत स्टेशनवर पोचलात तर खिडकी मिळेल. पुढे दोन बस आणि शेवटचा चढ चालत.

काय सांगू तुम्हाला. झाडाखाली वर्ग भरला होता. एक बाई अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलत विचारत होत्या, "नकाशात काय दाखवायचं आणि काय गाळायचं, हे कोण ठरवतं?" कुणी हात वर करत होतं, कुणी बाईंचंच म्हणणं खोडत होतं, आणि बाई खूश होत होत्या. आम्ही कट्ट्यावर बसून ऐकत होतो. अठराव्या वर्षी मला असं कुणी काही विचारलं असतं तर, असं वाटत राहिलं. त्या मुलांचा मला हेवा वाटला. फी मोठी आहे, पण शिष्यवृत्ती मिळते म्हणाले. माझं तर ठरलंच.

परतीच्या गाडीत मी मोबाइलवर अर्ज उघडला. तनूचं नाव टाकलं, जन्मतारीख टाकली. 'या महाविद्यालयात का यायचे आहे?' या रकान्यात मी भराभर लिहीत सुटले. तनू वाचत होती.

"आई, हे लई भारी लिहिलंस," ती हळू आवाजात म्हणाली. "पण हे तुझं हाय. त्या कट्ट्यावर तू चपला काढून बसली व्हतीस. माझ्या पायातच व्हत्या."

मी बघितलंच नव्हतं. लेकीच्या पायांवर नजर ठेवायला निघाले आणि माझे पाय कधी मोकळे झाले, ते मला कळलं नाही. फार लाज वाटली. मग मी विचारलं, "दौंड?" तिनं मान डोलावली. लिहिलेलं सगळं मी पुसलं. शेवटचं वाक्य पुसताना बोट जरा थांबलं.

घरी आलो तेव्हा आबा गाईंना वैरण टाकत होते.

"केला का रवंथ?"

"तनूनं दौंडला केला," मी म्हणाले. "आणि टेकडीवर मी."

आबा हसले नाहीत. तनू आत गेली, तिला त्या मुलींना फोन करायचा होता. निकालानंतर दौंडचा अर्ज भरू. टेकडीचं माहितीपत्रक मी कपाटात साड्यांखाली ठेवलंय, ते टाकवत नाही. तिथल्या बाईंचा तो नकाशाचा प्रश्नही डोक्यातून जात नाही.

"आबा," मी त्याच संध्याकाळी विचारलं, "तुम्ही कोकणात उतरायचात, ती वाट कुठल्या नकाशात होती का?"

"कुठली आलीय? इचारलं कुणी आमाला?" आबांनी वैरणीतली काडी उचलली आणि अंगणातल्या धुळीत रेघ ओढली. "हे न्हावरं धर. हितनं पयला मुक्काम..."

मी चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसले.