खाली चढते का?

"कंपार्टमेंट सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले. बोलताना ते माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या पायाकडे बघत होते. त्यांनी पायाचा अंगठा हलकेच वर वळवला आणि मी किंचाळले. त्या किंचाळण्यावरूनच त्यांची खात्री पटली.

सुकलालकाका, म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ, पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी विचारलं, "कंपार्टमेंट? भुसावळ पॅसेंजरचं असतं तसं?"

डॉक्टर हसले नाहीत. "वही समझो. इस पैर में चार डिब्बे हैं. डिब्बे में भीड़ हो गई है और दरवाजा बंद है."

याहून सोपं मला नंतरही कोणी सांगितलं नाही. गुडघ्याखालचे स्नायू चार गटांत असतात. प्रत्येक गटाभोवती फॅशिया नावाचं चिवट आवरण असतं. ते ताणलं जात नाही. आत सूज आली की दाब वाढतो, रक्त पोचत नाही आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. उशीर झाला तर पाय जातो. हे शेवटचं त्यांनी पप्पांना बाहेर नेऊन सांगितलं, पण वॉर्डाचं दार नीट लागत नव्हतं. मला ऐकू आलं.

घरच्यांबरोबर मोटारसायकलवर आडवाटेने हिंडणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. हिंडू नका असं मी म्हणणार नाही.

दिवाळीत सुरतेतले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात आणि आमच्यासारखी खानदेशी माणसं रेल्वेने गावी जातात. नव्वदच्या दशकातल्या त्या दिवाळीत पप्पांनी ठरवलं, मोटारसायकलने जायचं. बुलेटवर पप्पा आणि मी. दुसऱ्या गाडीवर काका-काकू. तिसरीवर पप्पांचे मित्र दिनेशभाई एकटेच, कारण त्यांच्या बायकोने त्यांना "तमे जाव, मारे जीववुं छे", तुम्ही जा, मला जगायचंय, असं स्पष्ट सांगितलं होतं. आई दुसऱ्या दिवशीच्या गाडीने येणार होती.

कामरेजच्या पुढे आम्ही ट्रकांचा रस्ता सोडला. आधी ऊस, मग केळी, मग सागाची झाडं. सोनगडच्या पुढच्या एका आतल्या रस्त्यावर पप्पांनी गाडी थांबवली आणि हँडल माझ्या हातात दिलं. सुरतेत आमच्या कतारगामात मी बुलेट चालवली असती तर सगळ्या गल्लीला विषय मिळाला असता. इथे बघायला फक्त शेळ्या होत्या. मी हळूच चालवत होते, तरी काका मागून ओरडले, "ओ विमानवाली, जमिनीवर चालव!" मला हसू आलं. इतकं मोकळं मी घरातही हसत नाही.

पुढे ओढ्यावर फरशी, म्हणजे बुटका सपाट पूल, होता. त्याच्यावरून पाण्याचा पातळ थर वाहत होता आणि खाली शेवाळ. पुढचं चाक सरकलं, गाडी आडवी झाली, मागे बसलेले पप्पा बाजूला पडले आणि माझी नडगी गाडीखाली आली. हाड मोडल्याचा आवाज मीच पहिल्यांदा ऐकला.

काका लूमचे मास्टर. बंद पडलेला लूम चालू करायचा आणि कुठलीही गोष्ट पक्की बांधायची, ही त्यांची दोन कामं. त्यांनी कुंपणातले बांबू चिरले, पायाच्या दोन्ही बाजूंना लावले आणि सामान बांधलेली पॉलिस्टर साडीची पट्टी सोडून वरून गुंडाळली. शेवटी तुटलेला धागा सांधताना मारतात तशी गाठ मारली. "आता देव आला तरी सुटायची नाही," ते म्हणाले.

खरंच सुटली नाही. रस्त्यात मिळालेल्या जीपने सुरतेला परत येईपर्यंत पट्टीच्या वर-खाली पाय फुगला होता. दवाखान्यात ती कात्रीने कापावी लागली. एक्स-रे झाला. नडगीचं हाड, म्हणजे टिबिया, मोडलं होतं. मागच्या बाजूने अर्धं प्लास्टर लावलं, त्याला स्लॅब म्हणतात. आई स्टेशनऐवजी दवाखान्यात आली.

सकाळी दुखणं कमी व्हायला हवं होतं. ते वाढलं. नुसतं हाडाचं दुखणं नव्हतं, पोटरी आतून कोणीतरी फुगवत असावं तसं वाटत होतं. डॉक्टर राउंडला आले तेव्हा वॉर्ड भरलेला होता. त्यांनी आईला विचारलं, "पगमां खाली चडे छे?"

आईचं गुजराती भाजीबाजारापुरतं. ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "नही साहेब, ती काय खाले-वर चढस? पडेल शे."

डॉक्टरांना त्यातलं 'नही' कळलं. त्यांनी मान हलवली आणि ते पुढच्या पलंगाकडे गेले.

गुजरातीत खाली चढणं म्हणजे पायाला मुंग्या येणं, पाय बधिर होणं. आईने ऐकलं ते मराठी 'खाली'. झोपून असलेली मुलगी खाली कशी चढेल? तिच्या बाजूने उत्तर अगदी बरोबर होतं.

परक्या माणसांशी आमच्या घरात माझ्या वतीने आईच बोलते. पाहुण्यांनी माझं नाव विचारलं तरी तीच सांगते. माझी त्याला कधी हरकत नव्हती. इंग्रजी शाळेत मला 'numb', म्हणजे बधिर, हा शब्द स्पेलिंगसाठी पाठ करायला लावला होता, शेवटचा b उच्चारायचा नाही म्हणून. तो शब्द आता माझ्या पायात होता. चादर बोटांना लागत होती हे मला दिसत होतं, पण जाणवत नव्हतं. डॉक्टर तीन पलंग पुढे गेले होते.

"साहेब!"

तो आवाज माझा आहे हे मलाही चटकन कळलं नाही. सगळा वॉर्ड वळला. मी म्हणाले, "खाली चडी छे. बहु. आंगळीओ मारी नथी लागती." बोटं माझी वाटतच नाहीत.

आई दचकली. "कव्हय चढनी वं?" म्हणजे, कधी चढलीस गं?

डॉक्टर परत आले. आधी बँडेज सैल केलं, मग पोटरी दाबली, मग अंगठा वळवला. पुढचं सांगितलंच आहे.

त्याच सकाळी फॅशियोटॉमी झाली. म्हणजे नडगीच्या दोन्ही बाजूंना लांब चीर देऊन ते आवरण उघडायचं आणि आतला दाब मोकळा करायचा. जखम लगेच शिवत नाहीत, सूज उतरेपर्यंत उघडी ठेवतात. नंतर मांडीची कातडी काढून तिथे लावली. पहिल्यांदा ड्रेसिंग बदलताना मी बघितलं आणि त्यानंतर बरेच दिवस छताकडे बघितलं.

स्नायू लाल होता, जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाले. "लड़की बोली इसलिए."

काका बाहेरच्या बाकावर बसून असायचे, आत यायचे नाहीत. शेवटी डॉक्टरांनीच त्यांना सांगितलं, की हाड हलू दिलं नाही हे चांगलंच झालं, पण पट्टीचं ते कापड ताणलं जात नाही. काका म्हणाले, "माहीत आहे साहेब. आम्हीच विणतो."

व्यायाम कंटाळवाणे होते. अंगठा वर उचलायचा, खाली सोडायचा. तो उचलला जात नसे. दिनेशभाई थर्मासमधून चहा आणायचे आणि अंगठ्याला दम भरायचे, "ऊठ ने, भाई, दुकान खोल." एका दुपारी चादर बोटांना गार लागली. मी कोणाला सांगितलं नाही. थोडा वेळ एकटीनेच ती चादर अनुभवली.

तुमच्यापैकी कोणाचा पाय मोडला तर आधार जरूर बांधा, पण बोटं उघडी ठेवा. ती गार पडली, पांढरी झाली, बधिर वाटली, किंवा दुखणं वाढतच गेलं, तर थांबू नका. आणि दुखणं ज्याचं, त्याने स्वतः बोलावं. चुकीच्या भाषेत, चुकीच्या व्याकरणात, पण स्वतः.

डाव्या पायावर दोन लांब व्रण आहेत. थकले की पाऊल थोडं ओढतं. तेवढ्यावर सुटका झाली. डॉक्टरांची, वॉर्डातल्या सिस्टरांची आणि आईचीही मी ऋणी आहे. माझ्यासाठी बोलणं तिने त्यानंतर बंद केलं आहे. पाहुण्यांनी नाव विचारलं की ती माझ्याकडे बघते आणि वाट बघते.

नंतरच्या एका दिवाळीत आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. ती फरशी पप्पांनी ओलांडली, मी चालत गेले. पलीकडे हँडल माझ्याकडे आलं आणि पप्पा दिनेशभाईंच्या मागे बसले, कारण आई त्या वर्षी रेल्वेने गेली नव्हती. ती पदर खोचून माझ्या मागे बसली.

काका आता सामान रबराच्या दोरीने बांधतात, आणि प्रत्येक थांब्यावर सगळ्यांना ओळीने विचारतात, "खाली चढे छे का?" त्यांचं गुजराती अजून तसंच आहे.

"नही," त्या दिवाळीत आई माझ्या मागून म्हणाली, "मी वरच बठेल शे."

सगळे हसले. मग तिने हळूच चप्पल काढली आणि काकांना बोटं हलवून दाखवली.