नारळावरचा हात

विश्राम धुरी जमादार १९८४ साली पोलीसखात्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात आठवणी लिहायला बसले. माणसाने निवृत्तीनंतर चार माड लावावेत, नातवंडं खेळवावीत. पण 'जमादारांची नजर' म्हणजे काय चीज होती, हे पुढच्या पिढीला कोण सांगणार? माणूस नुसता चालत येताना बघून तो काय लपवतोय ते ओळखायचे म्हणे. निम्म्या वेळा बरोबर निघायचं. उरलेल्या निम्म्या वेळांसाठी हातात दांडा होता.

पुस्तकातलं सगळ्यांत लाडकं प्रकरण मसुऱ्याजवळच्या एका वाडीतलं, १९८० सालचं. भात झोडायला दहा गडी लावले होते, त्याच दिवशी घरधन्याच्या आईच्या सोन्याच्या पाटल्या गेल्या. जमादारांनी दहाही जणांना सातेरीच्या देवळापुढे उभं केलं. देवीपुढे नारळ ठेवला. एकेकाने पायऱ्या चढायच्या, नारळावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, मी घेतलं असेल तर देवी बघून घेईल. देवीवर काम सोडण्याइतके जमादार भोळे नव्हते. बघणार होते ते स्वतः, खांबाला टेकून. कुणाचा हात कापतो, कुणाचा घसा सुकतो.

नऊ जण चढले, हात लावून उतरले. दहावा लवू पहिल्या पायरीशीच थांबला.

"माका नको," म्हणाला.

"कित्याक?"

लवू एक पाऊल मागे सरला. जमादार खांबापासून हलले. त्यांचं काम झालं होतं.

ठाण्यावर दोन दिवस लवूच्या तळपायांवर दांडा चालला. तिसऱ्या दिवशी त्याने कागदावर अंगठा उठवला. पाटल्या मिळाल्या नाहीत, पण कबुली मिळाली. तुरुंगातून तो सुटला तो पाय ओढतच, आणि वर्षाच्या आत मेला. जमादारांनी प्रकरणाच्या शेवटी लिहिलं होतं, 'देवीची पायरी चोराला चढवेना.' हे वाक्य त्यांना फार आवडे. आल्यागेल्याला वाचून दाखवत.

आल्यागेल्यांतूनच ते वाडीत पोचलं. मग एका दुपारी शेवंती आली. तिठ्यावर भाजी विकणारी विधवा, पस्तिशीची. पडवीच्या कडेला टेकली आणि पाणीसुद्धा न घेता बोलायला लागली.

"लवूचा नाव पुस्तकातसून काडा, जमादारानू. तो चोर नव्हतो."

"मग पायरी का नाही चढला?" जमादारांनी ठाण्यावरची मराठी काढली.

"तेका सोयर होता."

सोयर म्हणजे घरात मूल जन्मल्याचा विटाळ, आणि लवू तर सडाफटिंग. त्याच्या घरात कोण बाळंत होणार? जमादार हसले. शेवंती हसली नाही.

"आदल्या दिवशी दोडामार्गाक बहिणीकडे माका चेडू झाला. लवूचा. निरोप तेका एकट्याकच पोचलो. लोकाक बहिणीचा चेडू म्हणान सांगलंय, अजून तसाच सांगतंय. पण देवीक तर ठावक होता मा? सोयर घेवन तो पायरी कसो चढतलो? चोर असतो तर खुशाल हात लावन इलो असतो. तुमचो मार खाल्ल्यान, पण माझा नाव घेतल्यान नाय."

तिने पदराने तोंड पुसलं. "तुमी माणूस वळखतास म्हणान तुमका सांगलंय. आणखी कोणाक सांगा नुको."

जमादारांनी तिच्याकडे बघितलं. आवाज सरळ, नजर सरळ, बोटं पदराशी चाळा करत नव्हती. बाई खरं बोलत होती. आयुष्यात एवढं स्वच्छ त्यांना कधी दिसलं नव्हतं. म्हणजे चोर त्या नऊ जणांत होता, आणि खांबाला टेकून त्यांनीच त्याला घरी पाठवलं होतं. लवूचं नाव काढायचं त्यांनी ठरवलं. तो निश्चय संध्याकाळपर्यंत टिकला.

संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर त्यांनी वही उघडली. नाव काढायला गेले, आणि त्यांना दुसरंच सुचलं. लवूने चोरी का केली, हे आजवर प्रकरणात नव्हतंच. आता मिळालं! 'तिठ्यावर भाजी विकणाऱ्या एका विधवेपासून त्याला चोरटं मूल झालं होतं. त्याच्या पोटासाठी त्याने पाटल्या चोरल्या.' शेवंतीचं नाव त्यांनी घातलं नाही. अब्रूची चाड होती ना! तिठ्यावर भाजी विकणारी विधवा एकच होती.

पुस्तक निघालं, ओरोसला साहेबलोकांच्या हस्ते हारतुरे झाले. आठवड्याभरात वाडीच्या मानकऱ्यांनी शेवंतीला खरंखोटं करायला देवळात बोलावलं. जमादारांनाही मानाने बोलावणं गेलं.

नारळ मांडला होता. शेवंती पायऱ्या चढली, नारळावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चेडू माझा. लवूचा. आणि लवून पाटल्येक हात लावल्यान नाय. खोटा असात तर देवी माका बघून घेयत." हात कापला नाही. जमादारांनी नीट बघितलं.

मग हात तसाच ठेवून ती वळली. "आता जमादारांनी हात लावचो. पुस्तकात लिवलेला खरा म्हणान सांगूचा."

मानकऱ्यांनी जमादारांकडे बघितलं. ते पहिल्या पायरीपर्यंत आले आणि थांबले.

"माका जमाचा नाय. सोयर आसा. पुतण्याक चेडो झालो काल."

पुतण्या मुंबईला होता, बिनलग्नाचा. हे निम्म्या वाडीला ठाऊक होतं.

कुणी काही विचारलं नाही. एकाने धावत जाऊन खुर्ची आणली आणि जमादारांना देवळाबाहेर सावलीत बसवलं, दुसऱ्याने चहा आणला. आत मानकऱ्यांनी निकाल दिला, शेवंतीने आणि तिच्या मुलीने यापुढे देवळात पाऊल ठेवायचं नाही. जमादारांनी चहा बशीत ओतला. बशी कापत होती. पुजाऱ्याने नारळ मागितला, पण शेवंती हात काढत नव्हती.