मनाचा मण

‘अगं, मन की मण? मण धान्याचा असतो.’ वहिनी असं म्हणाल्या आणि सगळी खोली हसली.

इथं परदेशात आम्हा मराठी लोकांच्या मुलांसाठी चालणारा रविवारचा मराठी वर्ग होता. तो चालवणाऱ्या बाईंना सगळेच वहिनी म्हणायचे; त्यांच्या कॉन्डोतल्या, म्हणजे बड्या सोसायटीतल्या, हॉलमध्ये भरायचा. मुलांना गोष्ट वाचून दाखवायची माझी पहिलीच वेळ. ‘राजाच्या मनात आनंद मावेना’ एवढंच वाक्य. मी वाचलं, ‘राजाच्या मणात आणंद मावेणा.’ पहिल्या रांगेत माझी मुलगी बसली होती. तीही हसली.

आमच्या वस्तीत ण नव्हता. पानी, लोनी, कोन. त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेले आणि अडायला लागलं. हॉस्टेलच्या मुली मला मुद्दाम ‘पाणी’ म्हणायला लावायच्या. मग आरशासमोर उभं राहून जीभ वळवायला शिकले. इतकी शिकले की नको तिथंही वळायला लागली. चार माणसं समोर असली की भीतीनं प्रत्येक न चा ण व्हायचा.

वर्ग सुटल्यावर वहिनींनी मला बाजूला घेतलं. अगदी प्रेमानं.

‘वाईट वाटून घेऊ नकोस. शेवटी हे संस्कारांवर असतं. मुलांच्या कानावर शुद्धच पडायला हवं ना? तू खाण्याचं बघत जा.’

मी ‘हो’ म्हणाले. वहिनींचे यजमान तुआसच्या कारखान्यात माझे साहेब. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथं राहून नोकरी करायचा परवाना, नव्यानं व्हायचा होता आणि त्यांचा शब्द लागणार होता. निमूटपणे प्लेटमध्ये समोसे वाढले. आतून जळत होते.

वहिनी दुष्ट नाहीत. त्यांच्या घरात बोलतात ती मराठी, आमच्या घरात बोलतात ती चूक, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलंय. मीही तेच ऐकत वाढले. त्यांच्या वाट्याला त्यातला तोरा आला, माझ्या वाट्याला लाज.

वुडलँड्सला घरी आलो. मुलीनं गावी आजीला फोन लावला. आई म्हणाली, ‘पानी पेलीस का गं?’

‘नॉट पानी लाह, आजी. पाणी. से प्रॉपर्ली.’ मुलगी इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली.

आई म्हणाली, ‘माज्या तोंडात न्हाई बसत गं ते.’ आणि फोन ठेवला. माझ्या आईनं नातीची माफी मागावी तसं ते वाटलं मला.

नवऱ्याला म्हटलं, वहिनींशी बोलते. तो म्हणाला, ‘गप बस. आधी पास होऊ दे.’ तोही खरंच बोलत होता. रात्रभर मी त्याच्या खरेपणावर चिडत राहिले.

पुढच्या रविवारी वहिनींनी माझ्या हातात कागदी प्लेटांचा गठ्ठा दिला. मी तो टेबलावर ठेवला आणि मुलांसमोर जाऊन उभी राहिले. जीभ वळवली नाही.

‘मुलांनो, माझ्या आईच्या घरी पानी म्हनतात. ती चूक नाही. तीबी मराठीच हाये.’

कुणी हसलं नाही. वहिनी म्हणाल्या, ‘हे आपल्या वर्गात चालणार नाही.’

‘मग माझी पोरगी या वर्गात बसनार नाही.’

तिचा हात धरून बाहेर पडले. लिफ्टमध्ये तिनं हात हिसकावून घेतला. ‘आंटी सो नाइस व्हॉट. व्हाय यू लाइक दॅट?’

सोमवारी साहेबांनी माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. पासचं काय झालं, विचारायची सोय राहिली नाही. नवरा माझ्याशी कामापुरतं बोलतो. मुलगी तेवढंही नाही. दार आतून बंद, बाहेरूनही बंद, अशी गत आहे.

असू दे. रोज तिला आजीला फोन करायला लावते. ती आजीला दुरुस्त करायला लागली की थांबवते. ती चिडते. चिडू दे. पास गेला तर सामान बांधू. पण माझ्या आईनं मला दिलेली आणि मी जपून सांभाळलेली ही लाज माझ्यापाशीच संपनार. पोरीला ती मी देनार नाही.