अंबादासकाकांची रग

कायगावचा गोदावरीचा पूल आला तेव्हा आमच्या मागे कोणी उरलं नव्हतं. बाकीचे सायकलवाले पूल ओलांडून नेवाशाच्या बाजूला दिसेनासे झाले होते. माझ्यापुढे एक पिवळं जॅकेट तेवढं होतं, आणि त्या जॅकेटातली पाठ सकाळपासून जराही हलली नव्हती.

ती पाठ अंबादासकाकांची, माझ्या पेशंटची. मी सायकलवर असले तरी त्या दिवशी कामावर होते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ज्या राइडबद्दल सांगते आहे तिला ब्रेव्हे म्हणतात. ही शर्यत नसते. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे आणि वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. पहिले आलात की शेवटचे, याला काही किंमत नाही. वेळेत आलात की झालं. आमचा रस्ता सोपा होता. संभाजीनगरहून वाळूज, कायगाव, नेवासा फाटा करत घोडेगावच्या पुढे जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं.

काकांचं औरंगपुऱ्यात मोटरपंपांचं दुकान आहे आणि शेती गंगापूरकडे. वय पंचावन्नच्या आसपास. याआधी दोनदा त्यांनी ही राइड अर्ध्यात सोडली होती. दोन्ही वेळा शंभर किलोमीटरनंतर डावी मांडी दुखायला लागली आणि ते टेम्पोत सायकल टाकून घरी आले. यावेळी सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा दुखलं तर सायकल कायमची बंद. काकूंनी तर ती विकायचंच ठरवलं होतं.

"दिवसभर गल्ल्यावर बसून असतो मॅडम," काका पहिल्या भेटीत म्हणाले होते. "लोकं म्हणतेत, कशाला पाहिजे ह्या वयात. मला एवढंच पाहिजे की एक तरी गोष्ट सुरू केली ती पुरी झाली."

क्लिनिकमध्ये मी त्यांची नेहमीची तपासणी केली. पेशंटला पाठीवर झोपवायचं आणि गुडघा न वाकवता पाय वर उचलायचा. कमरेतली नस दबत असेल, तर पायात वीज गेल्यासारखी कळ उतरते. काकांचा पाय मी बराच वर नेला. ते छताकडे बघत होते.

"कळ येते?"

"नाय."

"मुंग्या?"

"नाय."

"मग राइडमध्ये नक्की काय होतं?"

"खुब्यापासून मांडीपर्यंत रग लागती. लई रग लागती."

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. घरी मराठी होती, पण ती जेवण, परीक्षा आणि पाहुणे एवढ्यापुरती. बाकी बोलणं हिंदीत, आणि शेजारच्या मैत्रिणींच्या घरी दखनी उर्दूत. शरीर मी इंग्रजीत शिकले. पेशंट बोलतात ते मी मनात भराभर इंग्रजी करून घेते. ठणका, कळ, चमक, उसण हे सगळं मी नोकरी लागल्यावर शिकले. 'रग' मात्र मला शिकावं लागलं नव्हतं. मैत्रिणीची अम्मी डोकं दुखलं की कपाळावर बोट ठेवून म्हणायची, "ये रग फडक रई." रग म्हणजे नस, यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

आमचे सीनियर सिद्दीकी सर. मी त्यांना सांगितलं, टेस्ट नॉर्मल आहे पण पेशंट रग लागते म्हणतोय.

"रगच बोला ना?" सर म्हणाले. "फिर नसच है. पेशंट खुद बोल रहा, और क्या होना तेरेकू?"

एमआरआयमध्ये मणक्यातली एक चकती किंचित बाहेर आलेली दिसली. पन्नाशीनंतर अशी चकती पुष्कळांची असते, काही दुखत नसताना सुद्धा. पण नस म्हणून शोधायला गेलो होतो आणि नसेजवळ काहीतरी सापडलं. सर्जनचं समाधान झालं, सरांचंही झालं. माझं होत नव्हतं. टेबलावर एक अक्षर न बोलणारी नस शंभर किलोमीटरनंतरच कशी बोलते? ती बोलते तेव्हा मला तिथे असायचं होतं.

"सर, मी त्यांच्याबरोबर राइडला जाऊ?"

"तू? दोसौ किलोमीटर?"

"मी रविवारी खुलताबादपर्यंत जाते सर."

"खुलताबाद जाके लोगां भजे खाके आते," सर म्हणाले. मग म्हणाले, "जा. लेकिन दुखा तो रोकना. सर्जन का ऑर्डर है."

मीही भजे खाऊनच येत असे, पण ते मी बोलले नाही.

तर ती न हलणारी पाठ. पहिले शंभर किलोमीटर मी तिच्या मागे होते आणि मला तिचं कौतुकच वाटत होतं. बाकीचे लोक चढावर उभे राहून पेडल मारत होते, खांदे झटकत होते, हँडलवर हात इकडचे तिकडे करत होते. काका फोटोत बसल्यासारखे बसले होते. पुस्तकात दाखवतात तसं पोश्चर, मी मनात म्हटलं. माझी स्वतःची अवस्था एवढी चांगली नव्हती. नेवासा फाट्याला तळवे दुखायला लागले, घोडेगावला भूक लागली आणि वळायच्या ठिकाणी शिक्का मारून घेताना सायकलवरून उतरताच पाय कोणाचे तरी उसने आणल्यासारखे वाटले.

परतताना वारा समोरून आला. जाताना तो पाठीशी होता हे तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही. उतारावरसुद्धा पेडल मारावं लागत होतं. मी मान खाली घालून चाकाकडे बघत राहिले. घोडेगाव मागे पडलं आणि माझ्या मानेत, खांद्याच्या वर, काहीतरी सुरू झालं. कळ नव्हती. ठणकाही नव्हता. जड, जळल्यासारखं, सतत. माझ्याकडे त्याला शब्द नव्हता आणि शब्द नसला की मला जास्त भीती वाटते.

काकांचा वेग कमी झाला तशी मी शेजारी आले. त्यांचा चेहरा आवळलेला होता.

"सुरू झालं का काका?"

"व्हय. होतंय थोडं. तुम्ही कामून मान अशी वाकडी करता?"

"काहीतरी होतंय मानेत. दुखतंय असं म्हणता येत नाही, पण..."

"रग लागली तुमच्या मानेला," काका म्हणाले. "वाकून वाकून. हलवा जरा, जाती."

मी मान दोन्ही बाजूंना फिरवली. खांदे कानापर्यंत नेऊन सोडले. ते गेलं. सगळं नाही, पण बरंचसं गेलं.

मी ब्रेक दाबला.

"काका, थांबा. रग म्हणजे नस ना?"

काका एक पाय जमिनीवर टेकवून माझ्याकडे बघत राहिले. "नस म्हणजे नस. रग म्हणजे रग."

"पण म्हणजे काय?"

"आता काय सांगावं. हात वर धरून ठेवा घटकाभर, दंडाला काय लागती? मांडी घालून तीन तास बसा, काय लागती? रगच ना? तुमच्यात दुसरं काही म्हणतेत का?"

आमच्यात म्हणजे कोणात, हे मी विचारलं नाही. रस्त्याकडेला एक मोरी होती. मी त्यांना तिच्या कठड्यावर बसवलं.

"तुमची मांडी. उठून उभं राहिलं की जाते का रग?"

"जातीच की. आत्ताच गेली बघा निम्मी."

"मग राइडमध्ये अधूनमधून उठत का नाही? पेडलवर उभं राहायचं, थोडं हलायचं."

काका जरा संकोचून म्हणाले, "एकदा बसलो की मी उठत नाय. गावात सप्ताह असतो आमच्या. लहानपणापासून पारायणाला बसतो. वडलांनी शिकवलेलं, पोथी मिटंपर्यंत आसन मोडायचं नाय. पायाला रग लागंल, मुंग्या येतील, येऊ द्यायच्या. सवयच लागली अंगाला."

म्हणजे माझ्या पुस्तकातलं पोश्चर ते हे होतं. माणूस शंभर किलोमीटर पारायणाला बसल्यासारखा सायकलवर बसला होता. एकाच जागी, एकाच स्नायूवर, आणि ते दुखणं सहन करणं हा त्याला नियमाचाच भाग वाटत होता.

पण वाटणं वेगळं आणि ठरवणं वेगळं. सर्जनचा आदेश होता की दुखलं तर थांबवायचं. आणि दुखत होतं. खरंच नस असेल आणि मी एका शब्दावरून पेशंटला पुढचे ऐंशी किलोमीटर चालवलं, तर त्याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं. मी सरांना फोन लावला.

"सर, रग म्हणजे काय?"

"रग? नस. क्यों, सायकल पे उर्दू का पेपर चल रहा क्या?"

"सर, मराठीत नाही. मराठीत ते स्नायू अवघडून दुखतो ते."

"मेरे घर में तो रग मतलब रगच है," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "बसवून टेस्ट केली?"

"आता करते."

फोन चालू ठेवूनच केली. कठड्यावर बसवून पाठ गोल करायची, हनुवटी छातीला आणि गुडघा सरळ. नस ताणली जाते. दबलेली असेल तर ती लगेच ओरडते. काका आपले शेतातल्या उसाकडे बघत होते. पंजा जोरात वर ओढायला लावला, ताकद होती. कातडीवर बोट फिरवलं, दोन्ही पायांना सारखंच लागत होतं. मग कुल्ल्याच्या स्नायूवर अंगठा दाबला तेव्हा मात्र ते म्हणाले, "हां, हीच ती."

मी सरांना सांगितलं.

"ठीक," सर म्हणाले. "अब तेरा डिसिजन है. मैं वहाँ नहीं हूँ."

मला डिसिजन मोठ्याने सांगायची सवय नाही. क्लिनिकमध्ये मी तो लिहिते आणि सर सांगतात. काका माझ्याकडे बघत होते. टेम्पोवाल्याचा नंबर त्यांनी फोनवर काढूनच ठेवला होता.

"चला," मी म्हटलं. "पण मी म्हणेन तेव्हा उठायचं. सीटवरून उठून उभ्याने दहा पेडल, मग बसायचं. मुंग्या आल्या किंवा पाय बधिर झाला, तर त्याच क्षणी थांबायचं. तेव्हा टेम्पो."

"मी इसरलो तर?"

"मी ओरडेन."

ते हसले. एवढ्या दिवसांत मला मोठ्याने बोलताना त्यांनी ऐकलंच नव्हतं.

पहिल्यांदा मी हळूच म्हटलं आणि ते वाऱ्यात उडून गेलं. दुसऱ्यांदा जोर लावला. नगर रस्त्यावर ट्रकच्या आवाजात, "काका, आसन मोडा!" एक मोटारसायकलवाला वळून बघत गेला. काका पेडलवर उभे राहिले, अवघडून, चोरी केल्यासारखे.

"पाप लागंल मॅडम."

"हे पारायण नाही काका."

"ते तुमचं झालं. पायाला कुठं माहिती."

नेवासा फाट्यापर्यंत दर थोड्या वेळाने मी ओरडत होते. नंतर ते आपणहून उठायला लागले आणि मलाच कोणीतरी ओरडून उठवायची गरज पडायला लागली, कारण माझे गुडघे, तळवे आणि पाठ यांनी एकत्र संप केला होता. तेव्हा काका मागे वळून म्हणायचे, "ताई, उठा आता तुम्ही." मॅडमची ताई कधी झाले ते कळलं नाही. पूल ओलांडल्यावर मी एकदा थांबले आणि मला वाटलं की आता टेम्पो माझ्यासाठीच बोलवावा लागणार. काकांनी खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढली, अर्धी मोडून दिली आणि माझ्या पुढे, माझ्याच वेगाने सायकल चालवत राहिले. वारा त्यांच्या अंगावर, मी त्यांच्या आडोशाला.

भेंडाळा फाट्यावर त्यांच्या गावचे तिघे चहाच्या टपरीवर बसले होते. नेमके तेव्हाच काका उभे राहून पेडल मारत होते.

"अंबादास, उठाबशा काढतो का रं? मास्तरनं शिक्षा दिली व्हय?"

"मागं हायत मास्तरीणबाई," काका न थांबता म्हणाले.

"जिरली का नाय रग अजून?"

"जिरवायलाच निघालो," काका म्हणाले. मी चालत्या सायकलवर एवढी हसले की हँडल हललं. म्हणजे या शब्दाला आणखी एक अर्थ होता, तोही मला आत्ताच कळत होता.

वाळूजला कंपन्यांची शिफ्ट सुटली होती. बसेस, रिक्षा, धूर आणि आमचे दोन मिणमिणते दिवे. तिथे काकांची मांडी एकदा पुन्हा भरून आली. आम्ही उतरलो, दुभाजकाला धरून पाय ताणला आणि निघालो. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. मी इतक्यांदा विचारलं की शेवटी ते म्हणाले, "ताई, मुंग्या आल्या तर मी स्वतः त्यांना तुमच्याकडं घेऊन येतो."

आम्ही शेवटचे आलो. शिक्का मारणारा मुलगा टेबल आवरायला लागला होता. वेळ थोडा शिल्लक होता. काकांनी कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं, शिक्का मारून घेतला, वाळेपर्यंत फुंकर मारली आणि घरी फोन लावला. "सायकल विकायची नाय," एवढंच बोलले. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ येत होतं.

सोमवारी मी आणि सर सर्जनकडे गेलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले चकती आहे ती आहेच, लक्ष ठेवा, पण सायकल चालू द्या. काकांना मी कुल्ल्याच्या स्नायूचे व्यायाम दिले आणि सीट थोडी खाली घ्यायला लावली. ते नियमाने करतात. नियम पाळायला त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

सिद्दीकी सरांनी चहा मागवला आणि विचारलं, "तो अब रग को क्या लिखेगी?"

"रगच लिहीन सर."

आता कोणी पेशंट रग म्हणाला, की मी दोन प्रश्न विचारते. हललं की जाते का? आणि घरी तुम्ही कुठली भाषा बोलता? दुसऱ्या प्रश्नाला लोक जरा चमकून बघतात. निम्मं निदान त्यातच होतं.