चिमटीतलं पॉलिश

चाचांबद्दल मी लिहावं का, हे मलाच नीट ठरवता येत नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, निबंधाखेरीज काही लिहिलेलं नाही. शिवाय लिहिण्याआधी जे सांगायला हवं होतं, ते मी वेळेवर सांगितलं नाही. वाचणाऱ्यांनी माफ करावं.

पॉलिशचा एक थेंब चिमटीत घ्यायचा आणि डोळे मिटून सावकाश चोळायचा, ही त्यांची सवय. विजापूर रोडच्या मागे आमच्या खोल्या लागून होत्या. चाचा जवळच्याच एका वॉशिंग सेंटरवर गाड्या पॉलिश करायचे. डोळे मिटलेले बघून कुणी चिडवायचं, "चाचा, झोप लागली व्हय?"

"गप रं. चावनारं हाय का मऊ, ते बघतोय."

तुम्हीही पाहिलं असेल, भलत्या फडक्यानं पुसलेल्या काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. ते झटपट जावेत म्हणून गिऱ्हाइकं कडक पॉलिश मागत. चाचा ऐकत नसत. "आधी मऊ. त्यानं न्हाय गेलं तर मग बघू." तेही आधी चार बोटांएवढ्या जागेवर लावून, उन्हात वाकून बघणार, मगच पुढे. मला म्हणाले होते, "पॉलिश म्हंजी रंग घासून काढनंच की. गेलेला परत येत न्हाय."

साखरेच्या आजारानं त्यांची बोटं बधिर होत गेली. मला कळलं ते चहाच्या ग्लासामुळे. त्यांनी गच्च धरलेला ग्लास मी घेतला आणि चटका बसून सोडला. चाचा फुटलेल्या काचेकडे बघत राहिले. "मालकाला बोलू नगंस. बोटंच गेली म्हटल्यावर मला कोन ठिवतंय?"

एका सकाळी ते नवी बाटली घेऊन दारात आले. नेहमीचं पॉलिश दुकानात संपलं होतं. चिमटीत चोळून झालं होतं, काही समजत नव्हतं. "ह्ये मऊ हाय का, वाच की. तू कॉलेजात जातोस."

सगळं इंग्रजीत. 'पॉलिश' आणि 'शाइन' एवढंच मला कळलं. बाकीचे शब्द कधी पाहिलेले नव्हते. मोबाईल आतच चार्जिंगला होता. पण आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. येत नाही म्हणायची लाज वाटली.

"मऊच आहे, चाचा."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

त्या दिवशी गिऱ्हाईक घाईत, डोक्यावर उभं. चाचांनी चार बोटांची परीक्षा पहिल्यांदाच सोडली. बाटली शिकलेल्या माणसानं वाचून दिली होती. बॉनेटच्या कडेवरचा रंग उडून खालचा पांढरा थर वर आला.

संध्याकाळी ते डबा आणि फडकी घेऊन परतले. "काढलं कामावरनं."

"बाटलीमुळं का?"

"न्हाय रं. मशीन जास्त दाबलं मी. तू अभ्यास कर."

मला ते खरं मानायचं होतं, म्हणून मानलं. दुसऱ्या दिवशी बाटलीवरचे शब्द मोबाईलवर शोधले. सगळ्यात कडक प्रकार होता तो. शेजारच्या खोलीत चाचा खोकत होते. मी गेलो नाही. पंधरा दिवसांनी खोली सोडून ते बहिणीकडे मंद्रूपला गेले.

सात-आठ महिने मी मनात वाक्यं जुळवत होतो. शेवटी सेंटरवर गेलो आणि मालकांना म्हणालो, "चाचांची चूक नव्हती. ती बाटली मी वाचून दिली होती, न कळता. त्यांना परत घ्या."

मालकांनी नळ बंद केला. "मी इचारलं हुतं की त्याला, बाटली कुनी बघून दिली. म्हनला, मीच वाचली. अंगठा लावनारा मानूस." त्यांनी ओले हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "आता कुनाला परत घिऊ? पायात खिळा शिरला हुता, दोन दिस त्याला कळलंच न्हाय. पाय कापला, तरी उपेग झाला न्हाय. मागल्या म्हैन्यात मंद्रूपला माती दिऊन आलो."