दोह्यातून चालणारी ग्रामपंचायत

नसरुद्दीन दुल्हाभाईंचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे, नूरीआपाचे हे यजमान. विशीत कतारला आले, आता दाढी पांढरी झाली. अल गराफामधल्या एका शाळेत स्टोअरकीपर आहेत. तिथे मार्कर, वह्या, खुर्च्या काढून देतात, आणि त्यांचं मत काय हे त्यांना कुणी विचारत नाही. आपा मात्र गावीच राहिली. घर, सासू, मुलं, सगळं एकटीने ओढलं.

जुम्म्याची नमाज झाली की अल मुंतझातल्या आमच्या फ्लॅटवर गावची पुरुषमंडळी जमतात. माझ्या नवऱ्याला, मुनाफला, या बैठकीचं भारी कौतुक. रांधायचं मी. गाव राहिलं तिकडे रत्नागिरीत खाडीकाठी, पण त्याची ग्रामपंचायत भरते आमच्या हॉलमध्ये. पुढच्या वेळी कोण उभा राहील, कोण कुणाची मतं खाईल, कुणाला बसवायचं, हे दुल्हाभाई बिर्याणी खाता खाता ठरवतात आणि फोन करून गावाला कळवतात. गावही ऐकतं, कारण मशिदीच्या रंगापासून रस्त्यावरच्या दिव्यांपर्यंत वर्गणी इथूनच जाते.

नोकरी सोडून गावी जायचं आणि सरपंच व्हायचं, एवढं एकच त्यांनी आयुष्यभर मनात धरलं. पूर्वी मला त्यांची कीवही यायची. माणसाला कुठेतरी किंमत हवी असते, हे मला कळतं.

यंदा निवडणुकीच्या तोंडावर सोडत निघाली आणि सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं. त्या शुक्रवारी सुरुवातीला कुणी घासही नीट घेईना. मग हळूहळू अंदाज बांधायला सुरुवात झाली. वरच्या मोहल्ल्यातून कोण, बंदराकडून कोण. गंमत बघा, उमेदवार बाई हवी होती, पण एकाही बाईचं नाव कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. याच्या घरातून, त्याच्या घरातून, एवढंच चाललेलं. शेवटी दुल्हाभाईंनी हात वर केला. उमेदवार त्यांच्या घरातून. सह्या आपा करेल, बाकीचं ते इथून बघतील. खलास.

पडद्याआड माझं डोकं फिरलं. मागच्या निवडणुकीत आपाला साध्या सदस्यपदासाठी उभं राहायचं होतं, तेव्हा याच माणसाने फर्मावलं होतं की आमच्या घरातल्या बायका ग्रामपंचायतीची पायरी चढत नाहीत. आपा फोनवर माझ्याकडे रडली होती. पुढे नळपाण्याचा पंप जळाला, तेव्हा ती आणि खालच्या वाडीत शिवणकाम करणारी जयमाला तालुक्याच्या कचेरीत ठाण मांडून बसल्या आणि नवा पंप घेऊनच उठल्या. दुल्हाभाईंनी पंपाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आमच्या प्रयत्नांना यश. चीड येईल नाहीतर काय होईल?

बैठकीतूनच त्यांनी आपाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. तिची खुशाली विचारली नाही, सरळ हुकूम सोडला की सोमवारी जाऊन अर्ज भर.

आपा शांतपणे म्हणाली, "मी उभी ऱ्हानार नाय. जयमाला उभी ऱ्हातेय. आमी बायकांनी ठरवलाव."

दुल्हाभाई लाल झाले. आपल्या मोहल्ल्याचं काय, जमातीत माझी अब्रू काय राहील, असं बरंच बोलले. आपाने सगळं ऐकून घेतलं.

"माझी इच्छा व्हती तवा तुमी नको बोललाव. आता तुमाला खुर्ची पायजे, म्हून मी पायजे. तुमच्या जागी बसायला मी मोकली नाय," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मला वाटलं, आता तरी या माणसाला लाज वाटेल. मी बिर्याणीचं पातेलं घेऊन बाहेर आले, तर दुल्हाभाई मुनाफकडे वळलेले. "मग तुज्या घरातून. ताहेरुन्निसाचा नाव हाय ना अजून मतदारयादीत? म्हैनाभर पाठव तिला. निवडून आली की बोलवून घे. सह्यांचा बघू मंग."

ताहेरुन्निसा, म्हणजे मी, समोरच उभी होते. हाताला चटके बसत होते. मुनाफने माझ्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. "चालेल," म्हणाला, "इन्शाल्ला."

पातेलं मी जमिनीवर आदळलं. तेव्हा कुठे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी जातंय गावाला," मी म्हटलं. "जयमालाला मत द्यायला."

सगळ्यांसमोर चालेल म्हणून बसला होता, तिकीट मुनाफला काढावंच लागलं.