मागच्या सीटची थरथर

कोपरगावच्या रस्त्यावर वेग घेतला की आमची गाडी थरथरायची. तिथला गॅरेजवाला माझ्या शेजारी न बसता मागे आईजवळ बसला आणि म्हणाला, "पळवा." जरा वेळानं म्हणाला, "स्टेअरिंग गप हाय, सीट हलतीया. मागचं चाक बघू."

चाक काढलं, तर रिमच्या आत आमच्याच उसाच्या रानातला चिखल वाळून बसलेला. त्यानं तो मन लावून खरवडला आणि पुन्हा आईजवळच बसला. आता गाडी कशी मस्त पळत होती!

आईचा उजवा हात आजारपणापासून कायम थरथरतो. मांडीवरच्या त्या हाताकडे बघत ती म्हणाली, "गाडी बरी झाली. मी मात्र अशीच."

त्यानं आपला काळा पंजा पँटीला पुसला आणि तिच्या हातावर ठेवला. "रस्ताच खराब हाय, आई."

रस्ता नवाकोरा होता. तरी मी वेग कमी केला.